चुटकीच्या वर दीड हात

"बोलत राहा," उजेडकाका म्हणाले. "काहीही बोला. सकाळी काय खाल्लंत, बूट कुठे चावतोय, सासुरवाडीचे लोक कसे आहेत. फक्त थांबू नका."

"बूट दोन्ही पायांना चावतोय," नवरदेव म्हणाला. "भावाचे आहेत. माझा काल कुत्र्याने नेला. नेला एकच, पण उरलेल्या एकाचं मी काय करू?"

फ्लॅश उडाला. तळ्याच्या बांधावर नवरा-नवरी उभे होते. त्यांच्या मागे पाणी होतं आणि पाण्यावर टेकायला आलेला सूर्य. लग्न उद्या सकाळी होतं, म्हणजे मावळतीचे फोटो काढायला हीच एक संध्याकाळ हाताशी होती.

उजेडकाकांचं काम सांगायला सोपं होतं. त्यांच्या हातात पुरुषभर लांबीची काठी, काठीच्या टोकाला फ्लॅश, त्यावर पांढऱ्या कापडाची टोपी. आत नारिंगी जिलेटिनचा तुकडा, म्हणजे फ्लॅशचा उजेड मावळतीच्या उन्हाशी फटकून राहत नाही. दहा पावलांवरून लेक कॅमेऱ्याची कळ दाबायची आणि काठीच्या टोकाला उजेड व्हायचा. सूर्य पाठीशी असला की माणसांचे चेहरे काळे पडतात. ते चेहरे परत आणायचे, एवढंच काकांचं काम. त्यासाठी जवळ जावं लागतं. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो, हे शाळेत शिकलेलं ते कधीच विसरले होते, पण त्यांच्या पायांना ते पाठ होतं. नवरीपासून दोन पावलं. तिसरं नाही.

एवढ्या जवळ उभं राहिल्यामुळे काका स्वतःही फोटोत यायचे. म्हणून लेक शेवटी सगळ्यांना बाजूला करून त्याच जागेचा एक रिकामा फोटो घ्यायची आणि मागाहून संगणकावर काकांना पुसून टाकायची. सहा वर्षांत दोनशेच्या वर लग्नांतून ते असे पुसले गेले होते.

"निम्म्या शहराच्या भिंतींवर मी टांगलेला आहे," ते लोकांना सांगायचे. "नुसता दिसत नाही."

त्याआधी चौतीस वर्षं त्यांचा स्वतःचा स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, बाळांचे फोटो, हनुवटी जरा वर, हं, हलू नका. मग लेक पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन घरी आली आणि म्हणाली, बाबा, या खोलीतून बाहेर पडू या. कॅमेरा तिने घेतला. उजेड काकांकडे राहिला, तसं नावही पडलं.

आता अडचण एवढीच होती, की गेल्या उन्हाळ्यापासून त्यांना चेहरे दिसत नव्हते.

कडेचं दिसायचं. दाराची चौकट, टेबलाचा कोपरा, बायकोच्या साडीचा रंग, सगळं व्यवस्थित. पण जिथे बघावं नेमका तिथेच डाग, भिंगावर कुणाचा तरी अंगठा उमटल्यासारखा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा जाणार नाही, वाढला नाही तरी पुष्कळ. घरात निभून जायचं. मावळतीकडे तोंड केलं की मात्र कडेचंही सगळं उन्हात विरघळायचं. म्हणून ही बोलायला लावायची युक्ती. आवाज येईल तिकडे काठी वळवायची. लोकांना वाटायचं, काका गप्पिष्ट आहेत. फोटोही झकास यायचे, कारण बोलणारा माणूस ताठ उभं राहायचं विसरतो.

लेकीला यातलं काही माहीत नव्हतं. माहीत झालं तर पुढे काय, ते काकांना स्वच्छ दिसत होतं. स्टँड. तीन पायांचा, न बोलणारा, चहा न मागणारा. आणि आपण घरी, रेडिओच्या शेजारी.

बायकोला मात्र सगळं ठाऊक होतं. आज निघताना तिने त्यांच्या हातात फ्लॅशची टोपी दिली आणि म्हणाली, "आज तुम्ही तिला सांगितलं नाहीत, तर उद्या मी सांगेन. चहात दोनदा साखर घालणाऱ्या माणसाच्या भरवशावर ती काम करतेय, बिचारीला पत्ता नाही."

"उद्या सांगतो."

"उद्याचा नंबर माझा आहे. तुमचा आजचा."

तर आज.

"नवरदेवांचं ऐकलं," काका काठी जराशी वळवत म्हणाले. "आता नवरीबाईंचंही ऐकू द्या."

काहीच ऐकू आलं नाही.

"तिचा आवाज बसलाय हो," बाजूच्या दगडावर बसलेली नवरीची मावशी म्हणाली. तिच्या मांडीवर बिस्किटांचा पुडा होता, हे कागदाच्या आवाजावरून कळत होतं. "शाळेत खेळ शिकवते ना. तीन दिवस स्पर्धा होत्या, मैदानावर ओरडून ओरडून घसा गेला. डॉक्टरांनी उद्या सकाळपर्यंत तोंड उघडायचं नाही म्हणून सांगितलंय. नाहीतर लग्नात नुसती मान हलवत बसेल."

"मला चालेल," नवरदेव म्हणाला, आणि लगेच "आई गं" म्हणाला. नवरीचं कोपर कुठे लागलं असेल ते काकांना बरोबर कळलं.

एरवी ते हसले असते. आज ते नवरीच्या बाजूने काही ऐकू येतंय का ते शोधत होते.

"बाबा, नवरीकडे थोडं," लेक लांबून म्हणाली.

काकांनी काठी नवरीकडे वळवली, म्हणजे नवरी असावी असं त्यांना वाटलं तिकडे. फ्लॅश उडाला.

"अजून थोडं. बाबा, ती दोन पावलं पुढे आलीय."

"हो हो, दिसतंय."

नवरदेव बोलतच होता. त्याला आता कुत्र्याच्या मालकाबद्दल सांगायचं होतं. काकांनी मनाला कितीही बजावलं तरी हात आवाजाकडे जात होता; वर्षभराची सवय. नवरदेव उजवीकडे सरकला की काठी उजवीकडे, खाली वाकून बूट सैल केला की काठी खाली. बुटाला बहुधा जन्मात एवढा उजेड मिळाला नसेल.

"अगं, केसातलं फूल लोंबतंय," मावशी एकदम म्हणाली. ती उठून नवरीच्या मागे, बांधाच्या कडेला येऊन उभी राहिली होती. तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत काठी तिकडे फिरली आणि फ्लॅश उडाला.

मग लेकीकडून पुढचा आवाज आला नाही. कॅमेऱ्यात काढलेले फोटो उलटे बघत जाताना बारीक टक टक आवाज येतो, तो येऊ लागला. काकांनी मोजले. नऊ, दहा, अकरा. बाराव्याला थांबले. मग परत पुढे, सावकाश. लेक गणित सोडवताना लहानपणी अशीच पेन्सिल आपटायची. उत्तर मिळालं की पेन्सिल थांबायची.

आवाज थांबला. गवतातून पावलं आली.

"बाबा," ती अगदी जवळून, हळू म्हणाली. "माझी किती बोटं वर आहेत?"

"तीन," काका म्हणाले.

"मी हात वर केलेलाच नाही."

तळ्यावर कुठलंसं पाखरू ओरडलं. मागे मावशी नवरदेवाला बिस्किट देत होती.

"सूर्य किती राहिलाय?" काकांनी विचारलं. हात लांब करून क्षितिजापर्यंत बोटं मोजायची, एक बोट म्हणजे पाव तास, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

"एक बोट. जरा कमीच."

"मग काठी कशाला तरी बांध. त्या झाडाला बांध. मी बाजूला बसतो. यांची दुसरी संध्याकाळ नाही."

लेकीची पावलं गाडीकडे निघाली. तिकडे काय आहे हे काकांना माहीत नव्हतं, पण ती पावलं चालली होती ती ठरवून चालली होती. त्यांनी काठी खाली केली. टोपी सारखी केली, जिलेटिनचा तुकडा चाचपून बघितला. दुसऱ्याच्या हातात द्यायची वस्तू नीट असावी.

तेवढ्यात चुटकी वाजली.

स्वच्छ, खणखणीत. समोरून, थोडी डावीकडून. काकांनी मान वळवली. पुन्हा वाजली. मग तीच चुटकी दोन पावलं उजवीकडून वाजली, आणि काकांचा हात त्यांना न विचारता वर गेला.

"हिला कळलंय," नवरदेव म्हणाला. "थांबा, खुणा करतेय. काका तुमचा... माझा... नाही, काका चेहऱ्याकडे बघतच नाहीत, कान देतात. असं म्हणतेय. आणि मी आता... मी काय? मी तोंड बंद ठेवायचं. हे मात्र लगेच समजलं."

दिवसभर पंचवीस पोरांपैकी कोण कुठे बघतंय यावर जिची नजर असते, तिच्यापासून हे लपणार नव्हतंच. लेकीपासून लपलं, कारण लेक गेलं वर्षभर काकांकडे बघत नव्हती. काकांनी पाडलेल्या उजेडाकडे बघत होती, आणि त्यात खोट नव्हती.

गाडीकडे गेलेली पावलं थांबली. मग धावत परत आली. कॅमेऱ्याचा पट्टा बटणांवर खडखडला.

"बाबा," लेकीचा आवाज आता कामाचा होता. "हात तिच्या कमरेशी आहे. चेहरा चुटकीच्या वर दीड हात. अंतर दोन पावलं."

"दोनच. तिसरं नाही."

"तिसरं नाही."

चुटकी. फ्लॅश. चुटकी, फ्लॅश. नवरी चालली, वळली, नवऱ्याच्या मागून पुढे आली, आणि तिच्या पाठीमागे लपवलेल्या हातातून चुटकी वाजत राहिली. काठी तिच्यामागे अशी फिरत होती, की मावशीने बिस्किट खायचं सोडलं. नवरदेवाने ओठ इतके घट्ट मिटले होते, की नाकातून शीळ वाजू लागली. ती ऐकून नवरीला हसू फुटलं. तिचं हसणं बिनआवाजाचं, पण चुटक्या थरथरायला लागल्या, आणि ती हसतेय हे काकांना तेवढ्यावरून कळलं.

"आता दोघं," लेक म्हणाली. "नवरदेव, एक शब्द बोला. एकच."

"बूट," नवरदेव म्हणाला.

चुटकी आणि बूट यांच्या बरोबर मध्ये काकांनी उजेड धरला.

गालावरची ऊब गेली तेव्हा त्यांनी आपण होऊन काठी खाली केली. सूर्य गेला होता. लेकीने सगळ्यांना बाजूला करून रिकाम्या बांधाचा शेवटचा फोटो घेतला.

पाहुणे गेल्यावर दोघं सामान आवरू लागले. तारा गुंडाळायचं काम काकांचं. त्याला डोळे लागत नाहीत.

"कधीपासून?" लेकीने विचारलं.

"गेल्या उन्हाळ्यापासून."

"आईला माहीत आहे?"

"तिला साखरेवरून कळलं."

"मला वाटायचं, तुम्हाला गप्पांची हौस आहे."

"हौसही आहे," काका म्हणाले. "तू आता स्टँड घे. मी रागावणार नाही."

लेक बॅगेची चेन लावत होती. ती अर्ध्यावर थांबली.

"घेतलाय," ती म्हणाली. "चार महिने झाले. गाडीत मागच्या सीटखाली आहे. मघाशी तोच आणायला निघाले होते."

काकांच्या हातातली तार थांबली. "चार महिने?"

"तुमचा खांदा दुखायचा. रात्री शेक घेता ते मला दिसत नाही असं वाटतं तुम्हाला. म्हणून घेतला. मग सांगायचं राहून गेलं."

"मग कधी काढला का नाहीस?"

"वाऱ्यात पडतो."

काकांनी जरा विचार केला. चार महिन्यांत वारा असा आठवत नव्हता. पण ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, तार गुंडाळत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "तुझ्या आईला सांग, मी सांगितलं म्हणून. आजचा नंबर माझा होता."

"तुम्ही कुठे सांगितलंत? मी पकडलं."

"तेवढं गाळ."

दुसऱ्या दिवशी लग्नात नवरीचा आवाज निम्मा परत आला. फाटक्या कागदासारख्या त्या आवाजात तिने सगळ्या नातेवाइकांना हुकूम सोडला, की फोटोला उभं राहिलं की आधी चुटकी वाजवायची. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजोबांना ती जमेना, त्यांनी टाळी वाजवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी लेक संगणकासमोर बसली. शेजारच्या खुर्चीत काका चहा घेऊन. चहात साखर बायकोनेच घातली होती, एकदाच.

"हा पहिला," लेक म्हणाली. "नवरी पाण्याकडे बघतेय. उजेड डाव्या गालावर, नाकाची सावली छोटी. तुम्ही कडेला आहात. पुसले."

"पुढे."

"दोघं हसताहेत. तुमची काठी आणि अर्धा हात. पुसला."

अशी ती सांगत गेली, पुसत गेली. मावशीचा फोटो आला तेव्हा हसण्यामुळे तिला दोन मिनिटं सांगताच येईना. नवरा-नवरी काळेठिक्कर आणि मागे मावशी, सोन्यासारखी झळाळलेली, अर्धं बिस्किट तोंडात. नवरीने तो लग्नातच कॅमेऱ्यावर बघून मोठा करून मागितला होता.

"अजून एक मागितलाय तिने," लेक म्हणाली. "तुम्हाला न पुसता."

काकांनी कप खाली ठेवला. "असा कसा देणार? फोटो बिघडतो."

"मी देणार आहे."

"कुठला?"

"'बूट'वाला."

काकांनी पडद्याकडे तोंड केलं. संगणकाच्या पडद्याची चौकट त्यांना दिसत होती, चारी कडा स्पष्ट. मध्ये डाग.

"कसा आलोय?" त्यांनी विचारलं.

लेकीने फोटो मोठा केला असावा, कारण तिचं बोलणं सावकाश झालं. "काठी वर. पाय बरोबर दोन पावलांवर. तोंड भलतीकडेच, तळ्याच्या त्या टोकाला. कान मात्र दोघांच्या मधोमध. उजेड दोघांवर सारखा पडलाय, बाबा. मी मोजला. तसूभर फरक नाही."

"आणि माझी सावली?"

"तुमची सावली तुमच्या मागे, बांधावरून खाली उतरलीय. कुणाच्या अंगावर नाही." ती थांबली. "शर्टाची कॉलर तेवढी एका बाजूला उलटी आहे."

उजेडकाकांनी हात मानेकडे नेला आणि कॉलर सरळ केली.