तेलाच्या चिंध्या

नीटनेटकेपणा हा थोरल्याचा जीव की प्राण. वडिलांचं पॉलिशचं दुकान म्हणजे इनमीन दोन खोल्या. पुढे खुर्च्या-कपाटांचं काम, मागे वडिलांची दुपारची झोप. जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्या वडील अंगणातल्या दोरीवर एकेक सुटी करून वाळत घालायचे. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पोरांनीही कधी विचारलं नाही. एके दिवशी मोठं गिऱ्हाईक यायचं होतं आणि दोरीवरची ती लक्तरं थोरल्याच्या डोळ्यांत खुपली. त्याने सगळ्या ओल्या चिंध्या गोळा करून पोत्यात कोंबल्या आणि पोतं फळ्यांमागे ढकललं.

गिऱ्हाईक खूश होऊन गेलं. वडील मागे आडवे झाले. धाकट्याने दाराशी नेहमीची सिगारेट ओढली आणि दोघे भाऊ घरी जेवायला गेले. परत आले तेव्हा दुकान पेटलं होतं. वडिलांना जाळ शिवलासुद्धा नव्हता. त्याच्या कितीतरी आधी धुरानेच त्यांना नेलं होतं.

मग काय, खापर फोडायला सिगारेट आयतीच होती. तुझं तोंड पाहणार नाही, असं थोरल्याने भर लोकांत सुनावलं. आईनेही बोलणं टाकलं. धाकटा बिचारा भांडलासुद्धा नाही. थोटूक नीट विझवलं होतं का, हे त्याचं त्यालाच आठवेना. तो गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन राहिला.

वर्षं गेली. थोरल्याने नवं दुकान थाटलं, तिथे सगळं तयार पॉलिश. परवा कुणीतरी हट्टाने जुन्या पद्धतीचं तेलाचं काम सांगितलं. ते उरकून थोरल्याने सवयीने चिंध्या डब्यात दाबल्या, झाकण लावलं. दुपारी झाकणाच्या कडेने धूर यायला लागला. जवळ ना काडी, ना माणूस; दाबलेल्या चिंध्या आपोआपच तापल्या होत्या. त्याने डबा अंगणात नेऊन पालथा केला. वारा लागला मात्र, चिंध्यांनी भस्सकन पेट घेतला.

त्याला वडिलांची ती अंगणातली दोरी आठवली. पोतं आठवलं.

तो तसाच धाकट्याकडे गेला आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं. आजच आईला सांगतो, म्हणाला. धाकट्याने उठून दार लोटून घेतलं.

"आईला सांगू नकोस, दादा."

"अरे, पण तुझ्यावर उगीच..."

"गेल्या आठवड्यात ती इथे आली होती. पहिल्यांदाच. डोक्यावरून हात फिरवला माझ्या. मला माफ करायला तिला एवढी वर्षं लागली. आता तुला माफ करायला ती तेवढी वर्षं आणणार कुठून?"

थोरला धाकट्याचे हात धरून ढसाढसा रडला. आईला सांगायचं नाही, हे ऐकून त्याला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि त्याची त्याला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटत होती.