सातमच्या डब्यातले वेफर्स

मुक्ताफोईच्या, म्हणजे मुक्ताआत्याच्या, तोंडात तीळ भिजत नाही, हे राजकोटच्या त्या अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. कुणाच्या मुलीचं लग्न जमलं की व्याह्यांच्या आधी शेजारणींना कळायचं, ते फोईमुळेच. बाकी बाई लाखमोलाची. नवरा गेल्यावर ती धाकटा भाऊ व्रजलाल रायचुरा याच्या घरी आली आणि त्याच्यासोबत परसात कढई मांडून बसली. ती किसणीवर बटाटे घासायची, तो तळायचा. रायचुरांचे वेफर्स नावारूपाला आले ते या दोघांच्या हातांनी. मग व्रजलालने गावाबाहेर शेड बांधली, काप करणारं यंत्र आणलं आणि फोईची किसणी माळ्यावर गेली. यंत्राचे काप कागदासारखे पातळ, फोईचे जाडजूड. "बेन, तुझ्या वेफर्सनी घर शाकारता येईल," असं व्रजलाल म्हणायचा. फोईही हसायची. पण शेडमध्ये तिला आता कुणी बोलावत नसे, आणि ते तिला फार लागायचं.

यंदा व्रजलालच्या सुनेने, किन्नरीने, नवंच काढलं. आजवर माल सुटा, वजनावर विकला जायचा. तिला छापील पाकीट हवं होतं. अहमदाबादची एक मोठी दुकानवाली कंपनी माल घ्यायला तयार होती, पण अट अशी की शंभर ग्रॅम वेफर्समध्ये चरबी तीस ग्रॅमच्या आत हवी, आणि तसा प्रयोगशाळेचा अहवाल हवा. शिवाय पाकिटामागे सगळा तक्ता छापायचा.

"म्हणजे लग्नपत्रिकेत नवरदेवाचं टक्कल छापायचं!" व्रजलाल म्हणाला. "आपण शेंगदाण्याच्या सिंगतेलात तळतो, एवढं लिहिलं की झालं."

"छापू दे की," फोई म्हणाली. "मांडवात टोपी उडाल्यावर बोंब होण्यापेक्षा आधी कळलेलं बरं."

किन्नरीने फोईला मिठीच मारली. त्या दिवसापासून पोरीला दुसरं काही सुचेना. पाकिटाचा रंग कुठला, अक्षरं केवढी, जेवतानाही तेच.

आणि नमुना न्यायला प्रयोगशाळेचा माणूस आला तो नेमका शीतळा सातमच्या दिवशी! राजकोट बंद, कामगार आपापल्या गावी, घरोघर चुली थंड. आदल्या दिवशी, रांधण छठला, जे रांधून ठेवलं असेल तेच सातमला खायचं. आलेला सेल्वम मदुराईहून अहमदाबादला नुकताच बदलून आलेला. त्याला यातलं काय ठाऊक?

"पाच मिनिटं गॅस लावा मॅडम," तो म्हणाला. "माझ्यासमोर तळून द्या."

"आज गॅस?" फोई किंचाळली. "आज शीतळामा चुलीत लोळायला येते. तिला भाजून काढू का रे मेल्या?"

सेल्वम दोन पावलं मागे सरकला. फोई त्याला थंड ठेपले आणि दही वाढून तरातरा देवळात कथेला निघून गेली. परत आली तेव्हा किन्नरीने सांगितलं, नमुना दिला, तो गेला. फोईने बरं म्हटलं आणि विषय तिथेच राहिला.

अहवाल आला तो भरदुपारी, किन्नरीच्या फोनवर. तिची किंकाळी ऐकून शेजारची मंडळी लाटणी घेऊन धावली.

"सत्तावीस! फोई, सत्तावीस! बाजारातली पाकिटं बघा, हे पस्तीस, हे छत्तीस. आणि आपलं सत्तावीस!"

घरात नुसता धुमाकूळ. टकलाचा दाखला देणारा व्रजलाल आता चष्मा चढवून गल्लीला तक्ता वाचून दाखवत होता. ऊर्जा एवढी, प्रथिनं एवढी, मीठ एवढं. ऐकणारे कळो न कळो माना डोलवत होते. पेंडे आले. फोईचाही आनंद गगनात मावेना. पेंडा मोडता मोडता तिने सहज विचारलं, "पण कारखाना तर बंद होता ना? मग नमुना दिलात कुठला?"

"पप्पांनी बाजूला काढून ठेवलेला. स्टीलच्या मोठ्या डब्यातला. न उघडताच डबा सेल्वमच्या हाती दिला."

फोईचा हात पेंड्यावरच थांबला. त्या डब्यातले यंत्राचे वेफर्स तिनेच सातमच्या सकाळी गल्लीतल्या पोरांना वाटून टाकले होते. सणाच्या दिवशी डबा रिकामा ठेवू नये म्हणून छठला माळ्यावरची किसणी काढून स्वतः किसून तळलेले वेफर्स तिने त्यात भरले होते. म्हणजे हे सत्तावीस तिचं! तिच्या हातचं! गच्चीवर जाऊन ओरडावं असं तिला वाटलं. पण समोर किन्नरी फोन छातीशी धरून नाचत होती. आता तोंड उघडलं तर पोरीचं पाकीट बुडालं. फोईने अख्खा पेंडा तोंडात कोंबला.

"यंत्राची कमाल!" व्रजलाल शेजाऱ्यांना सांगत होता. "हाताच्या कामाला ही सर कुठून येणार?"

पेंडा कसाबसा गिळला गेला. "यंत्राची नाही रे, माझी!" फोई ओरडली आणि तिने सगळं सांगून टाकलं.

 शेजारणी हळूच उंबऱ्याबाहेर सरकल्या.

"बेन, झालं ते झालं," व्रजलाल खालच्या आवाजात म्हणाला. "नमुना गेला, आकडा आला. कुणाला कळणार आहे?"

किन्नरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तरी ती म्हणाली, "पप्पा, तक्ता छापायचा हट्ट माझा होता. खोटा छापायचा तर नकोच ते पाकीट."

फोईला स्वतःची जीभ हासडून टाकावीशी वाटली. पोर मात्र खोलीभर फेऱ्या मारू लागली आणि मध्येच थबकली. "जाड कापात तेल कमी शिरतं. एवढंच आहे हे! यंत्राचं पातं मागे घेऊ या."

"जाड काप आत मऊ राहतो," व्रजलाल म्हणाला. "गिऱ्हाईक थुंकेल."

"सातमला परातभर खाल्लेस तेव्हा थुंकलास?" फोईने विचारलं. व्रजलालला हसू आवरेना. तसेच उठून सगळे शेडकडे निघाले.

पहिला घाणा करपला. दुसरा लोळागोळा झाला. "आच उतरव. बटाटा आहे तो, वैरी नाही," फोई कढईशी उभी राहून ओरडत होती. किन्नरी पात्याचा स्क्रू एकेक आटा फिरवत होती. व्रजलाल घामाने निथळत झारा हलवत होता. संध्याकाळी एक काप फोईने दाताखाली धरला आणि कुर्रकन् आवाज झाला. तिघांनीही एकदम टाळ्या वाजवल्या.

सेल्वमला पुन्हा बोलावलं. या वेळी त्याच्यासमोर, चालत्या कढईतून नमुना दिला. मग पुन्हा वाट पाहणं. फोईला घास जाईना. किन्नरी फोन उशाशी घेऊन झोपायची.

आकडा आला, एकोणतीस.

अटीत बसला, जेमतेम का होईना. किन्नरी या वेळी किंचाळली नाही. भिंतीला टेकून खाली बसली आणि हसता हसता रडायला लागली. फोईने तिला पोटाशी धरलं. अहमदाबादला फोन झाला, होकार आला, गल्ली पुन्हा गोळा झाली.

माणसं पांगल्यावर व्रजलाल फोईसमोर येऊन उभा राहिला. उगाच चष्मा पुसत राहिला.

"बेन," तो म्हणाला, "उद्या शेडमध्ये किती वाजता येशील?"

फोई कितीतरी वेळ पदराला हात पुसत राहिली. हात कोरडेच होते.

"सातला," ती म्हणाली. "पण रिक्षा नको पाठवूस. तू न्यायला ये."