आधी सही

महेश्वरीने सतरंजी पुन्हा उचलली, दारात नेऊन झटकली आणि होती तशीच परत अंथरली. धूळ नव्हतीच. चार वाजल्यापासून त्या सतरंजीवर कुणी बसलंच नव्हतं, तर धूळ येणार कुठून?

हळदीकुंकवाचा करंडा भरलेला होता. तिळगुळाच्या ताटावर तिने जाळी झाकली होती. वाणाच्या स्टीलच्या डब्या खोक्यातून काढून भिंतीशी रचल्या होत्या, आणि दारालगतच्या टेबलावर एक लांबलचक वही उघडी ठेवली होती. नाव, मोबाइल नंबर, सही, असे तीन रकाने पट्टीने आखलेले. पेन दोऱ्याने टेबलाच्या पायाला बांधलेलं, कारण सभेला आलेली माणसं सही करून पेनही नेतात, हा तिचा वीस वर्षांचा अनुभव होता.

"पाच वाजून गेले," सोमशेखर म्हणाला. बायकोच्या कार्यक्रमासाठी त्याने आज दुकान लवकर बंद केलं होतं, आणि आता काय करावं हे न सुचून तो जिन्याच्या पायरीवर बसला होता.

"संक्रांतीचे दिवस. एकेकीला दहा घरं असतात. येतील."

गेल्या वर्षी याच दिवशी रांग पिठाच्या गिरणीपर्यंत गेली होती. हे दोघांनाही आठवलं.

तेवढ्यात फोन वाजला. बापूसाहेब. शहराचा पक्ष गेली कित्येक वर्षं त्यांच्या खिशात होता.

"काय अक्का, किती झाल्या?"

"आत्ता सुरुवात आहे, बापूसाहेब."

"सातला माणूस पाठवतो वही न्यायला. शंभर सह्या दाखवल्या की तुमचं तिकीट मी भांडून आणतो बघा. नाहीतर वरचे काय म्हणतायत, मशीनच्या भानगडीत त्या प्रभागातल्या बायका गेल्या हातच्या, जागा मित्रपक्षाला सोडा. आचारसंहिता लागायच्या आत निकाल लावायचाय." ते जरा थांबले. "लोक विसरतात हो. रस्ता उखडला की पंधरा दिवस बोंबलतात, आणि मग त्याच रस्त्यानं जातात."

महेश्वरीने "हो" म्हटलं आणि फोन ठेवला. वीस वर्षं तिने या पक्षाच्या सतरंज्या घातल्या होत्या आणि उचलल्या होत्या. सभेला बायका आणा, अक्का आणायची. मिरवणुकीत कलश घेऊन बायका उभ्या करा, अक्का करायची. निवडून मात्र दर वेळी कुणाचा तरी भाऊ नाहीतर जावई यायचा. यंदा शेळगीचा हा प्रभाग महिलांसाठी राखीव झाला होता, आणि पहिल्यांदाच तिचं नाव कागदावर आलं होतं. नेमकं याच वर्षी ते प्रकरण निघालं.

प्रकरण तसं साधं होतं. गरजू महिलांना शिलाई मशीन, अशी बापूसाहेबांच्या संस्थेची योजना, पैसा सरकारी. या प्रभागातल्या एकशे चाळीस बायकांची नावं होती. कागदावर एकशे चाळीस मशिनी पोचल्याही होत्या. मग कुणीतरी चिंचोळीच्या एमआयडीसीतल्या एका शेडचे फोटो काढले. शेड बापूसाहेबांच्या मेव्हण्याचं, आणि त्यात ओळीने मशिनी, प्रत्येकीवर योजनेचं स्टिकर. ते काढण्याची तसदीही कुणी घेतली नव्हती.

कागदावरच्या सह्या मात्र खऱ्या होत्या. त्या महेश्वरीने गोळा केल्या होत्या, दारोदार फिरून, भर मे महिन्यात. 'वस्तू मिळाली' असं वरती छापलेलं तिने वाचलं होतं. बापूसाहेबांच्या ऑफिसातल्या कारकुनाला विचारलंही होतं. तो म्हणाला, ऑडिटला आधी लागतात, मशिनी आठवड्यात येतील. आणि तिने ते मानलं, कारण न मानून चालणार नव्हतं. जी बाई थबकली, तिला तिने हसून सांगितलं, "सरकारी काम असंच असतं गं. आधी सही, मग मशीन."

त्या व्यवहारात तिला एक रुपयाही मिळाला नव्हता. हे ती स्वतःला रोज सांगायची आणि त्याने रोज थोडं कमी बरं वाटायचं.

साडेपाचला ती उठली आणि समोरच्या घरी गेली. सुंदरम्मा ओट्यावर भांडी पालथी घालत होती.

"येतेस ना गं? तुझ्यापासून सुरुवात करते."

"आज पाणी आलंय, अक्का."

या गल्लीत पाणी पाच दिवसांनी येतं आणि ते काल येऊन गेलं, हे महेश्वरीइतकं कुणाला ठाऊक असणार? ते वेळापत्रक तिनेच भांडून बदलून आणलं होतं. सुंदरम्मालाही ते आठवलं असावं. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"खोटं कशाला बोलू? तुमच्यावर राग न्हाय कुणाचा. समद्या नेसून बसल्यात की घरात. पण तितं वही ठेवलीय म्हणं."

"हजेरीची वही आहे. दर वर्षी नसली तरी…"

"दर वर्षी न्हवती, तवा दर वर्षी आलो. आता आमी कुटं बी सही करणार न्हाय, अक्का. वही उचला, आत्ता हाका मारते सगळ्यांना." मग ती हळूच म्हणाली, "थेंबानं गेली ती हौदानं येत न्हाय. तुमी तरी काय करणार म्हणा."

परत येताना महेश्वरीला रस्ता ओलांडायला वेळ लागला. घरात आल्यावर तिने वही उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन पलंगावर ठेवली. सोमशेखरने मान वर करून पाहिलं. ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली. वही नसली तर घर भरेल. शंभर काय, दीडशे येतील, हसतील, उखाणे घेतील आणि तिळगूळ खाऊन जातील. सातला बापूसाहेबांचा माणूस येईल आणि रिकाम्या हाताने परत जाईल. वीस वर्षांत एकदाच आलेली गोष्ट त्याच्याबरोबर जाईल. तिला वाईट वाटत होतं, बायकांचंही वाटत होतं. पण खरं सांगायचं तर त्या घटकेला जास्त वाईट तिकिटाचं वाटत होतं.

तिने वही परत आणून टेबलावर ठेवली आणि उघडली.

सहाच्या सुमाराला दारात चपलांचा आवाज झाला.

"येऊ का, अक्का?"

नागव्वा होती. इरकल नेसलेली, कपाळावर विभूतीची तीन बोटं आणि त्याखाली कुंकू. मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायची. गणवेशाच्या कारखान्यातून शर्ट आणून घरी हाताने काज-बटणं करायची. साठी जवळ आली होती, आणि सुईत दोरा ओवायला आता शेजारच्या पोरीला हाक मारावी लागायची.

"या, नागव्वा, या. बसा."

"मी पयलीच व्हय?" ती रिकाम्या सतरंजीकडे बघून म्हणाली आणि मधोमध मांडी घालून बसली. "बरं झालं. गर्दीत बोलता येत न्हाय."

महेश्वरीने हळद लावली, कुंकू लावलं, मनगटावर अत्तर लावलं. नागव्वाने मनगट नाकाशी नेलं आणि समाधानाने मान डोलावली.

"ते चौकशीचं साहेब माझ्याकडं बी आलतं," ती म्हणाली. "कागद दावला. म्हणं, ही सही तुमची का? म्या म्हटलं, व्हय, माझीच. अक्कानं शिकवलेली हाय."

करंडा मिटता मिटता महेश्वरीचा हात थांबला. समाजमंदिरातला साक्षरतेचा वर्ग. तेव्हा तिशीतली महेश्वरी फळ्यापुढे उभी असायची. अंगठेबहाद्दर म्हणून रेशन दुकानात हसं झालेली नागव्वा तिथे दोन महिने एकाच नावाशी झगडली होती. ज्या दिवशी ते जमलं, त्या दिवशी तिने पाटी पदराखाली झाकून घरी नेली होती, नवऱ्याला दाखवायला.

"मग?"

"मग विचारलं, मशीन मिळाली का. म्या म्हटलं, यायची हाय. तर ते हसलं की हो." नागव्वाला त्याचं अजून नवल वाटत होतं. "गल्लीतल्या बायका बी हसत्यात. म्या त्यास्नी सांगितलं, अक्का खोटं बोलायची न्हाय. खिडकीखालची जागा म्या मोकळी करून ठेवलीय. धान्याचा डबा तितनं हालवला. उजेड लई चांगला पडतो तितं."

सोमशेखर पायरीवरून उठला आणि उगीचच मोरीकडे गेला.

महेश्वरीने घाईने एक डबी उचलली, तिच्यात तिळगूळ घातला आणि पुढे केली. "घ्या नागव्वा. तिळगूळ घ्या, गोड बोला."

नागव्वाने हात पुढे केले आणि लगेच मागे घेतले.

"थांबा की. आधी सही."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. टेबलापाशी गेली, दोरीचं पेन धरलं आणि वहीच्या पहिल्या ओळीवर वाकली. वेळ लागला. जीभ दातांत धरून, एकेक अक्षर, शेवटच्या जोडाक्षराशी श्वास रोखून. मग वरची रेघ, शिकवली होती तशी, डावीकडून उजवीकडे, मधे न थांबता. पेन ठेवून ती वळली आणि दोन्ही हात पुढे करून उभी राहिली.

"आता द्या."

महेश्वरीच्या हातातली डबी हातातच राहिली.

"नागव्वा," ती म्हणाली, "मशीन येणार नाही."

"या महिन्यात न्हाय?"

"कधीच नाही. मशिनी आल्या होत्या, त्या दुसरीकडे गेल्या. सह्या घेतल्या तेव्हा कागदावर लिहिलं होतं, मिळाली म्हणून. मी वाचलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही."

नागव्वाचे पुढे केलेले हात सावकाश खाली आले. तिने पदर सारखा केला, मग उगाच पुन्हा सारखा केला. बाहेर सुंदरम्माच्या घरात टीव्ही चालू होता.

"मग त्या कागदावरची माझी सही," ती शेवटी म्हणाली, "ती काढून घेता येती का?"

महेश्वरीने मान हलवली. फाईल इथल्या कचेरीत होती की मुंबईत, हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं.

नागव्वाने तिच्या हातातली डबी घेतली आणि त्यातला एक तिळाचा लाडू तेवढा उचलून तोंडात घातला. सणाचा होता, नाही म्हणता येत नव्हतं. डबी तिने सतरंजीवर ठेवली. दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या.

"थांबा," महेश्वरी म्हणाली.

तिने वहीचं पहिलं पान शिवणीपासून फाडलं. पान सरळ फाटलं नाही, खालचा कोपरा वहीतच राहिला. तिने ते नागव्वाला दिलं. नागव्वाने त्याच्याकडे पाहिलं, आपलं नाव मनातल्या मनात वाचल्यासारखे ओठ हलवले, मग त्याची बारीक घडी करून कनवटीला खोवली आणि मागे न बघता गेली.

फोन वाजायला लागला. मोरीतून आलेल्या सोमशेखरने तो उचलला आणि त्यावर हात ठेवून दबक्या आवाजात म्हणाला, "बापूसाहेब आहेत. विचारतायत, किती आल्या."

महेश्वरी सतरंजीवर बसली होती, जिथे नागव्वा बसली होती तिथेच.

"सांगा त्यांना," ती म्हणाली, "कुणी आलं नाही."