उल्कानची झाकलेली सकाळ

मित्रांनो, मला बेचाळीस वर्षे झाली. नमद्याच्या, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाच्या, आयुष्यात हे वय म्हणजे म्हातारपणच. गोल तंबूच्या शेंड्याला लाकडी कडे असते, त्यावर मी पसरलेला असतो. माझ्या चार कोपऱ्यांना घोड्याच्या केसांच्या चार दोऱ्या आहेत. तीन बांधलेल्या, एक मोकळी. सकाळी ती मोकळी दोरी ओढली की मी बाजूला सरतो, आत उजेड पडतो आणि चुलीचा धूर वर निघतो. बाहेर सूर्य केव्हाही उगवो, तंबूत सकाळ होते ती मी सरकल्यावरच.

मला उल्कानने केले. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि लग्नाला दोनच महिने झाले होते. तिने चटईवर लोकर पसरली, उकळते पाणी शिंपडले, गुंडाळी केली आणि शेजारच्या पाच बायकांबरोबर कोपरापर्यंत हात टेकवून मला दिवसभर दाबून काढले. त्या हसत होत्या, गात होत्या. मी भाजत होतो, पण घट्ट होत होतो. मला तंबूवर चढवले तेव्हा तिच्या सासूने माझी दोरी तिच्या हातात दिली.

"समोरच्या सुळक्यावर ऊन पडायच्या आत ही ओढायची," सासू म्हणाली. "आपला तंबू उशिरा उघडलेला या कुरणाने कधी पाहिलेला नाही."

त्यानंतर दर उन्हाळ्यात, कुरणावर असू तोवर रोज, अंधार विरायच्या आत तो हात दोरीवर येई. तिचा मुलगा एस्तेबेस जन्मला त्याच्या दुसऱ्या दिवशीही आला. मला धक्काच बसला. आज तरी ही कशी उठली? मग मला वाटले, कुणीतरी धावत येईल, तिला ओरडून अंथरुणात परत पाठवील. पण झाले उलटेच. शेजारची बुरुल दुधाचे भांडे घेऊन आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "सून असावी तर अशी! बाळंत झाली आणि तरी हिचाच धूर पहिला."

तेव्हापासून आमच्या तंबूचे कौतुक सुरू झाले. लोक आमचा धूर पाहून उठत. मलाही त्याचा अभिमान वाटे, खोटे कशाला बोलू? हिवाळ्यात मात्र मला गुंडाळून गावच्या घराच्या पडवीत टाकत. तिथे उंदीर असत, कसर असे. एकदा एस्तेबेस म्हणाला, "अपा, फेकून द्या तो. प्लास्टिकचं कापड आणतो." अपा म्हणजे आई. उल्कानने सुई घेतली आणि मला ठिगळ लावले.

पुढे एस्तेबेसचे लग्न झाले. टुमार नारीन शहरातली होती. तिथे ती शिवणाच्या दुकानात काम करी, आणि दुकान दहाला उघडे. पहिल्या सकाळी उल्कानने दोरी ओढली, उजेड थेट टुमारच्या तोंडावर पडला, आणि ती पोरगी कूस बदलून पुन्हा झोपली! मी हादरलो. वरून इतकी वर्षे मी झोपलेली माणसे पाहत होतो, पण उजेड पडल्यावर कुणी हसत हसत पांघरूण डोक्यावर ओढलेले मी कधी पाहिले नव्हते.

"राणीसाहेब," उल्कान म्हणाली, "गाई विचारतायत, आज भेट मिळेल का?"

टुमार धडपडत उठली. तिने माफी मागितली आणि दुसऱ्या दिवसापासून दोरी तिच्या हातात आली. उठायची ती वेळेवर, पण डोळे मिटूनच दोरी शोधायची. उल्कानचे टोमणे चालूच राहत. "डोळे उघडलेस तर दोरी लवकर सापडेल, पोरी." टुमार हसून म्हणे, "अपा, हात जागे आहेत ना? डोळ्यांना अजून थोडं पडू दे."

दुसऱ्या उन्हाळ्यात कुरणावर आली तेव्हा तिच्या मांडीवर पाच महिन्यांचा तिलेक होता. एस्तेबेस मेंढ्या घेऊन वरच्या कुरणावर गेलेला, आणि तिलेक सारखा रडे. टुमारला सलग झोप अशी मिळतच नसे, आणि पहाटे पुन्हा दोरी, गाई, चूल, दही. ती हसेनाशी झाली. टोमण्यांना उत्तर देईनाशी झाली. हे मला वरून दिसत होते. उल्कानला दिसत होते की नाही, कुणास ठाऊक.

मग तो दिवस आला. तंबूच्या शेंड्यावरून मला खालचा ओढा दिसतो. दुधाचे कॅन रस्त्यावरच्या गाडीत चढवून टुमार घोडीवरून परत येत होती. तिलेक तिच्या पुढ्यात होता. उन्हाने सगळे उबदार झाले होते. घोडी ओढ्यात शिरली, आणि मी पाहिले की टुमारची मान हळूहळू खाली जात आहे. तिचा हात सैल पडला. मी नमदा, ओरडू कसा? बाळ घसरले आणि पाण्यात पडले.

उल्कान काठावर बादल्या भरत होती. एकसष्ट वर्षांची बाई! तिने बादली फेकली आणि कमरेइतक्या गार पाण्यात झेप घेतली. बाळ वाहत तिच्याकडेच येत होते. तिने त्याला उचलले, उलटे धरले, पाठीवर थोपटले. क्षणभर काहीच नाही. मग तिलेक खोकला आणि त्याने असा टाहो फोडला की माझ्या दोऱ्या थरथरल्या.

टुमार घोडीवरून पाण्यातच उतरली. "मी झोपले," ती म्हणत होती. "अपा, मी झोपले. मी माझ्या बाळाला धरून झोपले."

उल्कान रागावेल, असे मला वाटले. पण ओले कपडे चुलीपाशी वाळत घालताना ती मध्येच थांबे आणि सुनेकडे बघत राही.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोरीवर हात आला, तो जुनाच, ओळखीचा. पण त्या हाताने मला ओढले नाही! त्याने दोरी खाली खेचून खुंट्याला घट्ट बांधली. मी गोंधळलो. उल्कानने तिलेकला शालीने पाठीशी बांधले, चूल न पेटवता, पाऊल न वाजवता ती बाहेर पडली आणि तंबूमागच्या खोलगट जागेत गाई पिळायला बसली.

सुळक्यावर ऊन पडले. मग कुरणावर पडले. मग माझ्यावर. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ते ऊन मला मिटलेल्या अंगावर लागले. माझ्याखाली सगळा अंधार होता, आणि त्या अंधारात टुमार हात पसरून झोपली होती. मध्ये एकदा तिचे डोळे किलकिले झाले. काळोख पाहून तिने सुटकेचा श्वास सोडला आणि गुडघे पोटाशी घेतले. इतके सुख एवढ्याशा हालचालीत मावते?

पण बाहेर हाहाकार उडाला होता. उल्कानचा धूर नाही! उल्कानचा नमदा मिटलेला! असे कसे होईल? थोड्याच वेळात टापा ऐकू आल्या. बुरुलचा म्हातारा नवरा मोम्बेक सर्वांत पुढे होता, आणि आमच्याकडे मयताला येताना जसे येतात तसा तो घोड्यावर डोलत मोठ्याने रडत येत होता. "अगं माझ्या बहिणी! मला न सांगता गेलीस गं!" मागून आणखी सहा-सात जण आणि डोक्याचा रुमाल सावरत बुरुल.

तंबूमागून उल्कान बादली घेऊन आली. "कोण गेलं?" तिने घाबरून विचारले.

मोम्बेकचे तोंड उघडेच राहिले. "तू!"

"हळू बोल! सूनबाई झोपली आहे."

बुरुल घोड्यावरून उतरली. "आजारी आहे का गं?"

"नाही."

"ताप? पोटदुखी?"

"काही नाही. नुसती झोपली आहे. मीच झोपवलीय."

बुरुल मटकन खाली बसली. "उल्कान, तू मेली असतीस तरी आम्ही समजून घेतलं असतं. पण हे काय?"

"काल माझा नातू ओढ्यातून काढला मी," उल्कान म्हणाली. "आज तिला झोपू दे, हवं तेवढं. चहा बाहेरच्या चुलीवर मिळेल. ज्याला रडायचंय त्याने ओढ्यापलीकडे जाऊन रडावं."

कोणी गेले नाही. सगळे गवतावर बसून कुजबुजत चहा प्याले. टुमार दचकून बाहेर आली तेव्हा ऊन डोक्यावर यायला लागले होते आणि समोर अर्धे कुरण बसलेले! मोम्बेकने घाईघाईने टोपी नीट केली आणि विचारले, "झोप झाली का, पोरी?"

मित्रांनो, माझी गोष्ट इथेच संपली असती. पण टुमारने चार दिवसांनी हट्ट धरला. "अपा, आता तुमची पाळी."

उल्कानने हसण्यावारी नेले. टुमार हटेना. तिने दोरी बांधली आणि गाईंकडे गेली. तीन सकाळी उल्कान अंधारात डोळे टक्क उघडे ठेवून पडून राहिली. "काय करतात लोक असं पडून?" ती मला, म्हणजे छताला, विचारी. चौथ्या दिवशी बाहेर दहिवर पडले होते. ती जागी झाली, बादलीत धार पडल्याचा आवाज तिने ऐकला, सुनेने गाईला घातलेली हाक ऐकली. मग तिने पाय लांब केले, कूस बदलली, आणि ती गेली. मी घाबरून तिचा श्वास मोजू लागलो. खोल होता. संथ होता. ओठ लहान मुलीसारखे उघडे होते.

तिला जाग आली तेव्हा टुमार चहा घेऊन उशाशी बसली होती.

"किती वाजले?"

"दहा, अपा."

उल्कान उठून बसली. तिने आपले हात पाहिले, गुडघे चाचपले, जणू कुणी ते बदलून ठेवले होते. "हे असं असतं?" ती म्हणाली.

"कसं?"

"एकदा जाग येते, उठायचं नसतं, आणि मग पुन्हा... ते असं असतं?" तिने पांघरूण बाजूला सारले. "माझ्या सासूलाही ठाऊक नव्हतं हे. तिच्या सासूलाही नसणार. नाहीतर एकीने तरी दुसरीला सांगितलं असतं ना गं?"

टुमारने चहा खाली ठेवला आणि तिला मिठीत घेतले. म्हातारी रडत होती आणि रागावलीही होती. कुणावर रागवावे, तेच तिला कळत नव्हते.

मित्रांनो, वेळेवर उठणे चांगलेच आहे. बेचाळीस वर्षे मी त्याच कामात घालवली, मी त्याला नावे कशी ठेवू? माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या घरात सगळ्यांच्या आधी कोण उठते, ते आज नीट पाहा. एका सकाळी तिच्या आधी उठा, गुपचूप पडदा ओढा, दार लोटून घ्या आणि तिचे काम हाती घ्या. ती घाबरून उठेल, ओरडेल, काय झाले म्हणून विचारील. तिला सांगा, काही झाले नाही. झोप.