एकतीस शंका

मंदाकिनीबाईंनी प्रुफांचा गठ्ठा टेबलावर आपटला, तेव्हा पूर्णिमाचा हात माउसवरच राहिला.

"एकतीस शंका," बाई म्हणाल्या. "मोजल्यात मी. त्यांतली शुद्धलेखनाची एकही नाही."

कसब्यातल्या त्या डीटीपीच्या दुकानात नियम साधा होता. हस्तलिखितातलं अक्षर लागलं नाही, तर समासात पेन्सिलीने प्रश्न टाकायचा. मालक बद्रीनाथने पहिल्याच दिवशी तसं बजावलं होतं. पण मंदाकिनीबाईंचं अक्षर स्वच्छ होतं. तीस वर्षं शाळेच्या फळ्यावर घोटलेलं. लागत नव्हती ती त्यांच्या प्रेमकादंबरीतली माणसं. नायिका स्पृहा आपला मोडलेला साखरपुडा दिगंबरपासून लपवते. दिगंबर तिच्यावर जीव टाकतो आणि आईने डोळे वटारले की तीन-तीन महिने तोंड दाखवत नाही. पूर्णिमाला दोघांचाही भयंकर राग यायचा, आणि तरी रोज सकाळी संगणक सुरू होईपर्यंत तिला दम निघायचा नाही. धायरीहून येताना बसमध्येही ती मनातल्या मनात त्या दोघांशी भांडत असायची.

"पान बेचाळीस," बाईंनी चष्मा सरसावला. "'ही इथेच खरं का सांगत नाही?' अहो पूर्णिमाबाई, हा प्रश्न आपण टायपिस्ट म्हणून विचारलात, की परीक्षक म्हणून?"

पूर्णिमा ओशाळली, पण गप्प बसली नाही.

"चुकलंच तिचं, बाई. खोटारडी आहे ती."

बोलताना तिचे कान तापले. येत्या रविवारी दिग्विजयचे आईवडील अकोल्याहून तिच्याशी त्याच्या लग्नाची बोलणी करायला येणार होते. दिग्विजय सॉफ्टवेअर कंपनीत होता. सहा महिन्यांपूर्वी, पहिल्याच भेटीत त्याने शिक्षण विचारलं आणि तिच्या तोंडून 'बी. कॉम.' निघून गेलं. खरं तर शेवटच्या वर्षाचा एक पेपर राहिला होता. नंतर सांगू, नंतर सांगू म्हणता म्हणता रविवार चार दिवसांवर आला. वाशीमला तिचे वडील नागोराव समजून चालले होते, की पोरीने मुलाला हे कधीच सांगितलं असणार.

"बरं," बाई शांतपणे म्हणाल्या. "मग सुधारू या तिला. तिसऱ्या पानावरच सगळं सांगून टाकेल. दिगंबरलाही आईसमोर कणखर करते. दोघंही शहाणी होतील, चाळिसाव्या पानावर अक्षता पडतील. तुझंही टायपिंग वाचेल."

त्यांनी खरोखरच लाल पेन उघडलं आणि पानावर आडवी रेघ मारली.

"काहून खोडता जी!" पूर्णिमा ओरडली. पुण्यात आल्यापासून दाबून ठेवलेली वऱ्हाडी एका झटक्यात बाहेर आली. "राहू द्या ना तिला. वाईट नाही ते पोरगी. भेते फक्त. अन् तो दिगंबर कणखर झाला, तर त्याच्यात उरलं काय?"

"आत्ता तर खोटारडी होती."

"आहेच." पूर्णिमाला हसू आलं आणि डोळेही भरून आले. "पण मला आवडते ती. फक्त शेवटी तिला स्वतःच्या तोंडानं सांगू द्या. तुम्ही तर तिच्या मावशीकडून फोडलंत सगळं."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"मला ते लिहिता आलं नाही. आठ वेळा फाडलं. त्या वेळी ती काय बोलेल, तेच ऐकू येईना."

"मला येतंय," पूर्णिमा म्हणाली आणि तिने खुर्ची पुढे ओढली.

पंधरा मिनिटं दुकानात फक्त कीबोर्डचा आवाज होता. वाक्यं तिच्या बोटांच्या पुढे धावत होती. आजवर ती दुसऱ्यांचंच लिहिलेलं टाइप करत आली होती. आपल्या आतून असं काही भराभरा येऊ शकतं, याचाच तिला इतका आनंद झाला, की चुका दुरुस्त करायलाही ती थांबली नाही. प्रिंटरमधून पान निघालं. बाईंनी ते वाचलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"फार छान लिहिलंयस," त्या म्हणाल्या. "एवढंच सांग. माझ्या स्पृहाचा साखरपुडा मोडलाय. हा राहिलेला पेपर कुठून आला?"

पूर्णिमाने पान हातात घेतलं. त्यात खरंच तसं होतं. मी पास झालेली नाही. सांगायचं होतं, पण तू निघून जाशील असं वाटलं. आख्ख्या पानात साखरपुड्याचा शब्दही नव्हता.

बाईंनी टेबलावरचा फोन तिच्याकडे सरकवला, आणि बद्रीनाथ आलाच तर त्याला बाहेर थोपवायला त्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या.

कंपनीतल्या ऑपरेटरने फोन जोडून देईपर्यंत पूर्णिमा उभीच होती. पान समोर होतं, पण तिने त्यात पाहिलं नाही.

"दिग्विजय, मी बी. कॉम. झालेली नाही. एक पेपर राहिलाय. तुझ्याशी खोटं बोलले मी."

तिकडे कुणाकुणाचे कीबोर्ड वाजत होते. तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"कोणता पेपर?" त्याने विचारलं.