महिपतची अपुरी गोष्ट

कल्याणच्या सरकारी मराठी शाळेत फेलिक्स मास्तरांना कोणी वाईट म्हणत नसे आणि कोणी घरीही बोलवत नसे. त्यांना पडवीतली खोली देणारी गोदूबाई सणासुदीला ओंजळीत वरून लाडू टाकायची, "मास्तर, गोड मानून घ्या" म्हणायची आणि पदर सावरून आत जायची. ख्रिस्ती माणूस, शिवाय विधुर. ते आपला भात आपणच शिजवत आणि भिंतीकडे तोंड करून जेवत.

मोठ्या वर्गाकडून शाळा तपासायला येणाऱ्या डिपुटीसाहेबांकरता निबंध घोकवून घ्यायचे. गाय, सूर्य, विद्येचे फायदे. त्या वर्षी पोरांच्या तोंडून तिसऱ्यांदा तीच गाय ऐकल्यावर मास्तरांनी पुस्तक मिटलं.

"आज गोष्ट लिहा. आपल्या मनाची."

तासाभरात पाट्या भरल्या. सगळ्यांवर राजे, वाघ आणि शेवटी तात्पर्य.

"दगडू, तू राजा बघितलायस का रे?"

"नाय, मास्तर."

"मग त्याला पोटदुखी झाली तर तो कसा कण्हतो, हे तुला कसं कळणार? बघितलेलं माणूस घ्या. त्याला काय हवंय ते सांगा आणि ते मिळायला काय आडवं येतं तेही सांगा. आणि शेवटी काहीतरी बदललं पाहिजे. नाहीतर ती गोष्ट नव्हे, नुसती हकिगत."

पोरांनी पाट्या पुसल्या. या खेपेला वर्गात कुजबुजही नव्हती. मास्तर एकेकाजवळ वाकून वाचत महिपतपाशी आले. महिपतचा बाप स्टेशनाबाहेर बैलगाडी लावायचा आणि रविवारी पोराला बैलांपाशी बसवायचा. पाटीवर लिहिलं होतं :

"एक मास्तर आहे. आदितवारी तो काळा कोट घालून स्टेशनात येतो. ठाण्याचं तिकीट काढतो. गाडी येते. गाडी जाते. मास्तर परत घरी जातो."

शेजारच्याने डोकावून मोठ्याने वाचलं आणि वर्ग खिदळला. मास्तर हसले नाहीत, रागावलेही नाहीत.

"पुढे?" त्यांनी विचारलं.

महिपतचे कान लाल झाले होते. "पुढं काय नाय, मास्तर. दर आदितवारी असंच. त्याला गाडीत बसवू का?"

"बघितलं नाहीस ना? मग नको बसवू."

"मग शेवट कुठनं आणू?"

मास्तरांनी शाळा जरा लवकरच सोडली.

ठाण्याला, टेंभी नाक्यापलीकडे, त्यांचा थोरला भाऊ पॉल भातशेती करून राहत होता. मास्तरांची बायको ज्युलियाना बाळंतपणात गेली, तेव्हापासून त्यांची तान्ही मुलगी व्हिक्टोरिया पॉलच्याच घरात वाढली. एकट्या मास्तराने कल्याणात अंगावरचं पोर कसं सांभाळायचं? मास्तर जाऊन-येऊन असत. पण पोर तीन वर्षांची असताना त्यांनी तिला उचलून घेतलं आणि ती जी किंचाळली ती काकीच्या पदरात शिरेपर्यंत थांबली नाही. त्यानंतर तिकीट काढणं व्हायचं, चढणं होत नसे. त्याला आता पाच वर्षं होत आली होती.

त्या रविवारी मास्तर गाडीत चढले. बाहेर बैलांपाशी कोण उभं आहे ते त्यांनी बघितलं नाही.

अंगणात आठेक वर्षांची पोर सुके बोंबील वेचत होती. ज्युलियानाचं कपाळ, ज्युलियानाच्या भुवया. तिने मान वर केली.

"कोन पायजे?"

मास्तर फाटकाशीच थांबले. "पॉल आहेत का?"

"शेतावर गेलेत. येतीलच. बसा." तिने आतून तांब्या आणला आणि त्यांच्या हातात दिला. वरून पाणी ओतलं नाही. "कुठनं आयले?"

"कल्याणहून. मी तिथं मास्तर आहे."

"पोरांना मारता?"

"क्वचित."

ती हसली आणि पुन्हा बोंबिलांकडे वळली. तेवढ्यात पॉल आला. भावाला बघून तो दारातच थबकला, मग पोरीकडे बघून म्हणाला, "अगं, हा तुझा…"

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. पॉल पाय धुवायला वळला. जेवताना त्याने भावाच्या पानात न विचारता दोनदा भात वाढला. दोघांत बोलणं झालं ते पावसाचं आणि बियाण्याचं.

सोमवारी शाळा भरायच्या आधीच महिपत दारात उभा.

"काल तुम्ही गाडीत बसलात. मी बघितलं. मग काय झालं?"

"एका मुलीने पाणी दिलं."

"बस? रडली नाय, भांडली नाय?"

"नाही."

महिपतने डोकं खाजवलं. एवढ्याने काही बदललं की नाही, ते त्याला ठरवता येईना. मास्तरांनाही नव्हतं आलं. त्या दिवशी वर्गाला त्यांनी पुन्हा गाय घातली.

पुढच्या रविवारी मात्र ते फलाटावर रेंगाळले नाहीत. ठाण्याला फाटक लोटलं तर पोर चुलीसाठी काटक्या मोडत होती. तिने त्यांना लगेच ओळखलं. हातातल्या काटक्या तशाच टाकून ती आनंदाने घराकडे धावली.

"बाबा," ती आत ओरडली, "बाबा, कल्यानचे मास्तर आयले!"

आणि आतून पॉलने ओ दिली.