सीलच्या पिलाचं डोकं

आश्रुबाची सायली डॉक्टर झाली, ही बातमी नेकनूरमध्ये खुद्द आश्रुबानेच पसरवली. न्यूझीलंडहून लेकीचा फोन आला आणि तासाभरात सगळ्या गल्लीला कळलं. कशाची डॉक्टर, असं कुणी विचारलं की तो ताठ मानेने सांगे, मेंदूची. पोर ‘सीलच्या पिलांचा मेंदू’ म्हणाली होती खरी. पण सील म्हणजे तहसीलमध्ये कागदावर मारतात ते, एवढंच त्याला ठाऊक. कामावर सरकारी शिक्का असेल, अशी त्याने मनाची समजूत घालून घेतली.

त्यामुळे उन्हाळ्यात सायली घरी आली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर ही गर्दी. कुणाचं डोकं दुखत होतं, कुणाला चक्कर येत होती, कुणाच्या नातवाच्या डोक्यात गणित शिरत नव्हतं. सायलीने सगळ्यांना चहा दिला आणि समजावलं, की ती माणसांची डॉक्टर नव्हे. सील म्हणजे बर्फाच्या समुद्रात राहणारं मिशाळ जनावर. त्याच्या पिलांचा मेंदू कसा वाढतो, याचा तिने अभ्यास केलाय. माणसं एकेक करून उठली आणि जाताजाता आश्रुबाकडे बघून गालात हसली. त्याला कुठे तोंड लपवावं ते कळेना.

छबुबाई मात्र जागची हलली नाही. तिचं कुटुंब नुकतंच ऊसतोडीहून परतलं होतं. मांडीवर नातू, उसाच्या फडाजवळ पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीतच जन्मलेला. शेजारी मुलगा तानाजी आणि सून बबिता. बाळाचं डोकं बघून टोळीतल्या बायकांनी बबिताला नाही नाही ते ऐकवलं होतं. तेव्हापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं.

“जनावराचं तर जनावराचं,” छबुबाई म्हणाली. “लेकराचं डोकं लई मोठं हाय. तुला काय वाटतंय?”

सायलीने बाळाला घेतलं. त्याने लगेच तिचा कान पकडला.

“माझी पिलं असलीच मोठ्या डोक्याची,” ती म्हणाली. “जन्मतानाच त्यांचा मेंदू आईच्या मेंदूच्या पाऊणपटीजवळ गेलेला असतो. आपल्या लेकराचा पावच असतो. दीडेक महिन्यात माय सोडून जाते ना, मग बर्फाखाली पोहत श्वास घ्यायचं भोक एकट्यानं हुडकावं लागतं. पण काकू, पिलावरून मी बाळाचं सांगणार न्हाई. बीडला लेकरांच्या डॉक्टरकडं जाऊ. मी येते संगं.”

आश्रुबाने जीप काढली.

बीडच्या डॉक्टरांनी बाळाच्या डोक्याला टेप लावली, डोळे बघितले, हातपाय हलवून पाहिले. बरोबर आलेल्या या ताई कोण, असं त्यांनी विचारलं, तर सायलीच्या आधी आश्रुबाच बोलला.

“डॉक्टर हाय. पन सीलच्या पिलांची.”

मग डॉक्टरांनी तानाजीला टोपी काढायला लावली आणि टेप त्याच्याच डोक्याभोवती फिरवली. माप बघून ते हसले. बापाचं डोकं लेकाला आलंय, बाळ ठणठणीत आहे, फक्त अधूनमधून माप घ्यायला आणा, असं त्यांनी सांगितलं. तानाजी आधी हसला. बबिताच्या डोळ्यांना धार लागली, पण हसत तीही होतीच.

येताना जीपमध्ये छबुबाईच्या मनात ती सीलच घोळत होती.

“पाजत असती तवर ती माय खाती काय?”

“जवळजवळ काहीच न्हाई. अंगावरच्या चरबीवर दूध पाजते. पिलू गुबगुबीत होतं आन् माय वाळून जाते.”

छबुबाईने मागे वळून बबिताकडे नीट बघितलं. गालाची हाडं वर आली होती. तिने आश्रुबाला रस्त्यालगतच्या हॉटेलपाशी गाडी थांबवायला सांगितली, बाळाला स्वतःच्या खांद्यावर टाकलं आणि सुनेला आत बसवलं.

भाकरी आणि पिठलं आलं. बबिता आधी लाजत, मग सावकाश, मग मान खाली घालून जेवत राहिली. तानाजीने पोऱ्याला हाक मारली आणि आणखी एक भाकरी सांगितली. बबिताने मान वर केली.

“दोन सांगा,” ती म्हणाली.